बुजरं खोंड दावणीला आलं, तर

दोन वर्षांपूर्वी मी माझं पहिलं खिल्लार खोंड बाजारातून घरी आणलं. आदत (दुधाचे दात अजून न पडलेलं) होतं, अंगानं भरलेलं, कोशा रंगाचं, शिंगं नुकती मागे वळू लागलेली. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "गरीब आहे, पोरंसुद्धा धरतात." टेम्पोतून उतरवायलाच तिघं लागले. तिसऱ्या दिवशी पाण्यावर नेताना ते बुजून उधळलं, कासरा (जनावर धरायची लांब दोरी) माझ्या हाताला गुंडाळलेला होता आणि उजव्या हाताची दोन बोटं मोडली. चूक खोंडाची नव्हती. कासरा हाताला कधीच गुंडाळायचा नसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांपासून दावण आहे त्यांना हे सगळं अंगवळणी असतं. पण आता नोकरी सोडून गावी परतलेले लोक देशी जनावर घेतात. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतीचा कायदा वैध ठरवल्यावर अनेक तरुण मुलंही पहिल्यांदाच खोंडं घेताना दिसतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझा अनुभव खिल्लारचा आहे. सोलापूर, सांगली, सातारा भागातली ही जात चपळ, तापट आणि अनोळखी माणसाला लवकर जवळ न करणारी. देवणी किंवा लाल कंधारी घेणाऱ्यांना त्रास बहुधा कमी होईल, पण रीत तीच.

१. आधी ओळखा: बुजरं आहे की मारकं?

या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचं सगळंच चुकतं.

बुजरं जनावर तुमच्यापासून लांब जायला बघतं. तुम्ही जवळ गेलात की मान उंच होते, कान तुमच्याकडे वळतात, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो, शेपटी आवळली जाते, वारंवार शेण पडतं. दाव्याला हिसके देतं. वाट मिळाली की पळतं. वाट मिळाली नाही तरच लाथ मारतं किंवा शिंग लावतं.

मारकं जनावर तुमच्या दिशेनं येतं. मान खाली जाते, ते आडवं उभं राहून आपलं अंग दाखवतं, वशिंड ताठ होतं, पुढच्या पायानं माती उकरतं, फुसकारतं. वळूमध्ये हे जास्त. नुकत्याच व्यालेल्या गाईतही असतं, पण ते वासरापुरतं आणि काही दिवसांपुरतं.

तिसरा प्रकार दुखण्याचा. काल गरीब असलेलं जनावर आज अचानक अंगावर यायला लागलं, तर स्वभाव बदलला असं समजू नका, डॉक्टर बोलवा. खुरात काटा किंवा जखम असते, कानात गोचीड असते, एका डोळ्यानं दिसेनासं झालेलं असतं. बैलांमध्ये शिंगाचा कर्करोग होतो. त्यात बैल सारखं डोकं झटकतो, शिंग खुंट्याला घासतो, मान एका बाजूला कलती ठेवतो आणि डोक्याजवळ हात आणू देत नाही.

जिवाशी संबंधित म्हणून इथंच सांगतो: जनावर अचानक आक्रमक झालं, आवाज बदलला, लाळ गळतेय आणि गिळता येत नाही असं दिसलं, तर घशात काही अडकलंय समजून तोंडात हात घालू नका. ते पिसाळलेलं असू शकतं. सगळ्यांना लांब करा आणि लगेच पशुवैद्यकाला कळवा. ज्यांच्या हाताला लाळ लागली असेल त्यांनी हात साबणानं खळखळ धुवून त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.

२. घेण्याआधी बाजारात काय बघायचं

बाजारातला शांतपणा फसवा असतो. रात्रभर गाडीत उभं राहून आलेलं, तहानलेलं जनावर गरीबच दिसतं. शक्य असेल तर मालकाच्या गोठ्यावर जाऊन बघा, आणि तेही वैरण-पाण्याच्या वेळी. रोज वैरण टाकणारा माणूस जवळ गेल्यावर जनावर काय करतं, हे सगळ्यात खरं प्रमाणपत्र.

बाजारातूनच घ्यायचं असेल तर एवढं तरी बघा:

- नाकपुडी फाटलेली किंवा वेसणीची (नाकातून ओवलेल्या दोरीची) जागा चिघळलेली आहे का?
- शेपटीला मध्येच गाठ किंवा वाकडेपणा आहे का? शेपूट पिरगाळून हाकलेल्या जनावराची शेपटी मोडलेली असते.
- मांड्यांवर पराणीच्या (टोकदार काठीच्या) टोचण्या आहेत का?
- दोन्ही बाजूंनी वेगवेगळं जवळ जाऊन बघा. माझं खोंड उजवीकडून ठीक होतं, डावीकडून गेलं की थरथरायचं. हे मी घरी आल्यावर बघितलं.

केसांच्या भोवऱ्याबद्दल सगळेच विचारतात. आमच्या वस्तीवरचे तात्या चाळीस वर्षं बैल सांभाळतात, ते कपाळावरचा भोवरा बघितल्याशिवाय सौद्याला हात घालत नाहीत. शुभ-अशुभाचं मला माहीत नाही, पण १९९५ मध्ये अमेरिकेत टेम्पल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांसासाठी पाळलेल्या गुरांवर अभ्यास केला, त्यात कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असलेली गुरं खोड्यात (जनावर उभं जखडून धरायच्या चौकटीत) धरताना जास्त धडपडतात असं आढळलं. भोवरा बघा, पण फक्त त्यावर जनावर नाकारू नका किंवा घेऊ नका.

कागदपत्रं घेतल्याशिवाय जनावर गाडीत चढवू नका:

- कानातला १२ अंकी बिल्ला. नंबर स्वतः वाचून कागदावरच्या नंबराशी जुळवा.
- बाजार समितीची खरेदी-विक्रीची पावती, तुमच्या नावाची.
- वाहतुकीसाठी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला.
- लाळ्या-खुरकूत आणि लम्पीच्या लसीची नोंद.

३. जनावर येण्याआधी गोठा तयार ठेवा

जनावर दारात आल्यावर खुंटा ठोकायला घेतला तर ठोकण्याच्या आवाजानंच पहिला दिवस वाया जातो. आधी तयार हवं ते असं: जमिनीत खोल गाडलेला खुंटा किंवा दगडी खांब, सुती मऊ म्होरकी (तोंडाभोवती बांधायची दोरी), दोन कासरे (नायलॉनचे नकोत, हात कापतात), खरारा, लांब दांड्याचा ब्रश, पाण्याचं घमेलं, आणि तुम्हाला पटकन आडोसा घेता येईल अशी गव्हाणीची भिंत किंवा कठडा. गोठ्याला तुमच्यासाठी बाहेर पडायच्या दोन वाटा असाव्यात. एकच दार असलेल्या बंद खोलीत अनोळखी खोंड बांधू नका.

फडफडणाऱ्या वस्तू काढून टाका. याचं एक उदाहरण सांगतो, कारण यावर माझे आठ दिवस गेले. खोंड हौदाच्या अलीकडे दहा पावलांवर थांबायचं. ओढलं की मागं जायचं, मागून हाकललं की आडवं व्हायचं. मला वाटलं अडेलपणा करतंय. तात्या आले, काहीच न बोलता खोंडाच्या शेजारी उभे राहिले आणि खोंडाच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत खाली वाकले. मग म्हणाले, "इथनं बघ जरा." मीही वाकलो. हौदाच्या मागच्या कुंपणावर खताचं रिकामं पोतं अडकलं होतं, वाऱ्यानं एक टोक वरखाली होत होतं. आणि वाटेवर पन्हाळीची काळी सावली आडवी पडली होती. पोतं काढलं, पन्हाळीखालच्या जागेत माती-भुसा पसरला. त्याच दुपारी खोंडानं मान खाली घातली, सावलीची कड हुंगली, एक खूर पुढे टाकला आणि हौदावर गेलं.

गुरांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, डोकं न हलवता जवळजवळ ३३० अंशांतलं त्यांना दिसतं. पण खोली नीट कळत नाही. जमिनीवरची सावली खड्डा आहे की नुसता काळा पट्टा, हे मान खाली घालून बघितल्याशिवाय त्यांना समजत नाही. म्हणून जनावर थांबलं की त्याला मान खाली घालायला कासरा सैल द्या. आपण नेमका त्याच क्षणी कासरा वर ओढतो.

४. पहिले दहा दिवस

या दिवसांत शिकवायचं काहीच नाही. फक्त वेळा पाळायच्या. सकाळी ठरल्या वेळी वैरण, ठरल्या वेळी पाणी, ठरल्या वेळी शेण काढणं. शक्यतो एकाच माणसानं, त्याच कपड्यांत. जाताना आधी लांबूनच आवाज द्या, ठरलेला एकच शब्द. गुरांना अगदी मागे उभा असलेला माणूस दिसत नाही, त्यामुळे न बोलता मागून जाणं म्हणजे लाथ ओढवून घेणं.

नवीन जनावर एकटं बांधू नका. गुरांना कळप लागतो, एकटेपणातच ती सगळ्यात जास्त बिथरतात. मी तात्यांची म्हातारी गाय पंधरा दिवस मागून आणली आणि चार हातांवर बांधली. मी वैरण टाकायला गेलो की गाय निवांत रवंथ करत राहायची, आणि खोंड तिच्याकडे बघायचं.

बघायला येणाऱ्यांना थांबवा. गावात नवीन जनावर आलं की दहा जण येतात, पाठीवर थाप मारतात, दात बघतात. नम्रपणे सांगा की पंधरा दिवसांनी या.

जनावर एकदा घाबरून उधळलं की शांत व्हायला अर्धा तास तरी लागतो. त्या अर्ध्या तासात पुन्हा तेच काम करायला जाऊ नका. आपल्याला वाटतं, 'आता सोडलं तर डोक्यावर बसेल.' तसं होत नाही. उलट त्या भीतीत तुमचा चेहरा त्याच्या लक्षात राहतो.

५. अंतर आणि खांदा

मला उशिरा कळलेली आणि सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट ही.

प्रत्येक जनावराभोवती एक अंतर असतं. त्याच्या बाहेर तुम्ही उभे असाल तर ते तुमच्याकडे बघतं, आत पाऊल टाकलं की हलतं. माझ्या खोंडाचं हे अंतर सुरुवातीला पंधरा पावलं होतं. रोज त्या कडेपर्यंत जायचं, त्याचे कान तुमच्याकडे वळले की थांबायचं, ते जरा सैलावलं (मान खाली आली, जीभ फिरली, रवंथ सुरू झालं) की तुम्ही एक पाऊल मागं घ्यायचं. मागं घेणं विसरू नका. तुम्ही मागं सरता हे दिसलं की पुढच्या वेळी ते तुम्हाला जास्त जवळ येऊ देतं. सरळ त्याच्याकडे रोखून बघत जाऊ नका, तिरके चाला, हात खाली ठेवा.

दुसरी गोष्ट खांद्याची. तुम्ही खांद्याच्या रेषेच्या मागे उभे राहिलात तर जनावर पुढे जातं, रेषेच्या पुढे आलात तर थांबतं किंवा मागं सरतं. आपण बहुतेक वेळा तोंडासमोर उभे राहून "चल, चल" म्हणत ओढतो, म्हणजे अंगानं थांब म्हणतो आणि तोंडानं चल. खांद्याच्या जरा मागे जाऊन एक पाऊल टाका, काठीची गरज पडणार नाही.

माझं पंधरा पावलांचं अंतर तीन आठवड्यांत हातभर झालं. विसाव्या का एकविसाव्या दिवशी मी ज्वारीचं हिरवं ताट हातात धरून पाठमोरा उभा होतो. मागून गरम श्वास मनगटाला लागला, खरखरीत जीभ बोटांवरून फिरली आणि ताट हातातून ओढलं गेलं. मी वळलो नाही.

इथे एक सापळा आहे. कालवडीला हातानं चारणं चांगलं, पण वळू म्हणून ठेवणार असाल त्या खोंडाला सारखं हातानं चारू नका, डोक्याला डोकं लावून खेळू नका. लहानपणी लाडानं टक्कर खेळलेलं खोंड चार-पाचशे किलोचं झाल्यावरही माणसाला आपल्यातलाच एक समजून टक्कर देतं. त्याचा खुराक घमेल्यात टाका.

६. हात लावायची सुरुवात

लांब दांड्याच्या ब्रशनं, वशिंडापासून. तिथून मानेचा कडेचा भाग, मग पाठ. पोळीखाली (गळ्याखालच्या लोंबत्या कातडीखाली) खाजवलेलं बहुतेकांना आवडतं, मान लांब करून देतात. डोकं, कान आणि मागचे पाय सगळ्यात शेवटी. रोज दहा मिनिटं पुरे. उभं राहायचं ते खांद्याला लागून. गुरं लाथ मागे तर मारतातच, पण पाय पुढे आणून बाजूलाही मारतात, त्यामुळे मांडीच्या बाजूला हातभर अंतरावर उभं राहणं सगळ्यात वाईट. एकतर अगदी चिकटून राहा किंवा पूर्ण लांब.

७. म्होरकी, कासरा, वेसण

आधी म्होरकी. ती आठ-दहा दिवस नुसती तोंडावर राहू द्या. मग कासरा लावून खांद्याच्या उंचीवर खांबाला बांधा, एका ओढीत सुटेल अशा गाठीनं, आणि तुम्ही तिथंच थांबा. बांधून शेतात निघून जाऊ नका. मान अडकून जनावर गेल्याच्या घटना होतात.

चालवायला शिकवताना कासरा हलका ताणा आणि थांबा. झटका नाही. एक पाऊल पुढे आलं की लगेच सैल सोडा. पहिल्या दिवशी चार पावलं झाली तरी परत न्या. कासरा हातात घडी करून धरा, मनगटाला वेढा नको, कमरेला तर मुळीच नको. उधळलं तर सोडून द्या, कुंपणाच्या आत असेल तर कुठं जात नाही.

वेसणीबद्दल लोकांचा आग्रह असतो, "टोचून टाक, सुतासारखं सरळ होईल." बुजऱ्या जनावराला आल्या आल्या वेसण घातली तर माणसाचा हात तोंडाजवळ येणं म्हणजे वेदना, एवढंच ते शिकतं. आधी तोंडाला हात लावू देईपर्यंत थांबा, मग पशुवैद्यकाकडून टोचून घ्या, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत तिला कासरा लावू नका.

८. सुई, डॉक्टर आणि खोडा

महिनाभराची मेहनत एका लसीच्या दिवशी मातीत जाऊ शकते. चौघांनी पाडून, तोंडावर बसून लस दिली की पुढे डॉक्टरांच्या गाडीचा आवाज आला तरी जनावर उसळतं. म्हणून आधीच खोड्याची सवय लावा. पशुवैद्यकीय दवाखान्यातला खोडा रिकामा असेल तेव्हा नुसतं आत नेऊन, थोडी पेंड खायला घालून बाहेर काढायचं. चार-पाच वेळा. घरी दोन मजबूत वाशांचा खोडा करून घेतला तर उत्तम. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करा, पण फोनवरच सांगा की जनावर बुजरं आहे.

झोपेचं औषध दुकानातून आणून स्वतः देऊ नका. विजेचा झटका देणं, टोचणं, शेपूट पिरगाळणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि शर्यतीच्या खोंडाला तर यानं माणूस बघितला की पळायचीच सवय लागते.

९. खरंच मारकं असेल तर

ते आडवं उभं राहून माती उकरायला लागलं की पाठ फिरवून पळू नका, ओरडू नका, काठी उगारू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून तिरके मागे सरका आणि आडोशाच्या मागे जा. त्याच्या दावणीत एकट्यानं जायचं नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं त्या बाजूला फिरकणार नाहीत अशी जागा ठेवा. पैदाशीसाठी ठेवायचं नसेल तर पशुवैद्यकाकडून वेळेवर खच्चीकरण करून घ्या. वय वाढून सवय पक्की झाल्यावर केलं तर फरक कमी पडतो. पैदाशीसाठी ठेवायचं असेल तर दोनदा विचार करा, कारण स्वभाव बऱ्याच अंशी वंशातून येतो आणि त्याची वासरं गावभर जातात.

परदेशात मांसासाठी गुरं पाळणारे मारकं जनावर सरळ कळपातून काढून कत्तलीला पाठवतात. महाराष्ट्रात १९७६ चा कायदा २०१५ मध्ये सुधारल्यापासून गाईसोबत वळू आणि बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे आपल्याकडे असं जनावर बाजारातून बाजारात फिरत राहतं. दर वेळी नवा माणूस, नवा मार, आणि दर वेळी "गरीब आहे" हे वाक्य. माझ्याकडे ते तसंच आलं होतं.

१०. विकायची वेळ आली तर

घेणाऱ्याला सगळं सांगा, भाव चार पैसे कमी आला तरी. आणि कागदावर लिहून द्या, कारण बाजाराच्या गडबडीत ऐकलेलं घरी पोचेपर्यंत राहत नाही. माझ्या खोंडाचा असा कागद मी आत्ताच करून गोठ्याच्या खुंटीला लावलाय, मी गावाला गेलो तर वैरण टाकणाऱ्याला उपयोगी पडतो. त्यावर लिहिलंय: उजवीकडून जा. आधी 'हो राजा' म्हणा. डाव्या कानाला हात लावू नका. निळी ताडपत्री त्याच्यासमोर झटकू नका. पाण्यावर नेताना पन्हाळीपाशी थांबेल, कासरा सैल सोडा, हुंगून झालं की आपोआप चालेल.